सातीचा प्रश्न आणि उद्गारचिन्हं

स्मॉलटॉक या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत प्रोग्रॅम फाइलीत नसतो, हे नवख्याला सहज पचत नाही. सगळे ऑब्जेक्ट मेमरीत नांदत असतात: क्लास, मेथड, उघड्या खिडक्या, अर्धवट राहिलेलं काम. निघताना त्या अख्ख्या मेमरीचीच प्रत डिस्कवर उतरवायची. तिला इमेज म्हणतात. उद्या उघडली की कालच्याच जागेवरून गाडी सुरू. जतन करणारी मेथडसुद्धा स्वतःसकट जतन होते आणि जागी होते ती तिच्याच पुढच्या ओळीवर. आपण आत्ता झोपायला निघालोय की नुकतेच उठलोय, हे तिला हाती आलेल्या उत्तरावरूनच कळतं.

नवी इमेज शून्यातून सहसा कोणी करत नसे. जुनी घ्यायची, बदलायची, जतन करायची, विरजणासारखं. ॲलन के, डॅन इंगल्स आणि मंडळींनी १९९६ साली ॲपलमधून स्क्वीक बाहेर आणलं, तेही ॲपलकडे असलेल्या स्मॉलटॉक-८० च्या इमेजवरून. तिची वंशावळ थेट झेरॉक्सच्या पालो अल्टोमधल्या प्रयोगशाळेपर्यंत जाते.

माझे मामा पालीचे निवृत्त प्राध्यापक. हे ऐकून म्हणाले, "अगं, हा तर साती!" मज्झिमनिकायातल्या महातण्हासंखयसुत्तात साती नावाचा भिक्खू आहे, कोळ्याचा मुलगा. जन्मोजन्मी फिरतं ते हेच विज्ञान, म्हणजे जाणीव, दुसरं नव्हे, असं त्याचं ठाम मत. बुद्ध त्याची चांगलीच कानउघाडणी करतात. कारणांवाचून विज्ञान उपजतच नाही. लाकडामुळे जळतो तो लाकडाचा अग्नी, गवतामुळे जळतो तो गवताचा.

साती इमेजमध्ये राहत असता तर त्याचं चुकलं नसतं, असं माझं म्हणणं. मशीन बदलतं, खालचं व्हर्च्युअल मशीन बदलतं, आतलं जग तेच. पण एका इमेजमधलं काम दुसरीत न्यायचं असेल, तर सातीचा उपाय चालत नाही. तिथे फाइलआउट करावं लागतं.

मामांना मी ते करून दाखवलं. अकाउंट नावाचा छोटा क्लास केला, त्याच्या क्लास व्हेरिएबलमध्ये व्याजाचे दर भरले, दोन खाती उघडली, मग क्लास फाइलआउट केला. निघाली ती साधी मजकुराची फाइल. मामा चष्मा सरसावून वाचायला बसले. "इतकी उद्गारचिन्हं? कोण ओरडतंय?" उद्गारचिन्ह इथे तुकडा संपल्याची खूण असते. मजकुरातच ते हवं असेल तर दोनदा लिहायचं. वाचणारा एकेका चिन्हापर्यंत वाचतो, तेवढं अमलात आणतो, पुढे जातो.

तीच फाइल कोऱ्या इमेजमध्ये फाइलइन केली. क्लास आला, मेथड आल्या. दोन्ही खाती आली नाहीत. दरांचं नाव आलं, किंमत निल, म्हणजे रिकामी. क्लासच्या बाजूला इनिशियलाइज मेथड असेल, तर फाइलआउट शेवटी तिला हाक मारणारी ओळ जोडतं आणि दर पुन्हा भरले जातात. पण ते नव्याने घडलेले दर, जुने नव्हेत.

मामा खूश. "काहीच गेलं नाही, तरी तिकडे उभं राहिलं! बुद्ध हेच सांगतात."

इथे मात्र मी अडले. काय गेलं, याचाच कीस आपण पाडतो. पलीकडे आधी काय होतं, हे कोणी विचारत नाही. त्या फाइलीतलं क्लास घडवणारं वाक्य वर्णन नाही, आज्ञा आहे: ऑब्जेक्ट, तुझा एक उपक्लास कर. ऐकायला पलीकडे ऑब्जेक्ट हजर हवा. एखाद्या क्लासचा बाप त्या इमेजमध्ये नसेल, तर त्याचा तुकडा तिथेच अडतो. आणि अकाउंट नावाचा क्लास तिथे आधीच नांदत असेल, तर त्याच नावाच्या मेथड बदलल्या जातात आणि त्याची जिवंत खाती त्या क्षणापासून नव्या रीतीने उत्तरं देऊ लागतात. मजकूर तोच, फळ वेगळं.

मामा हरणारे नव्हेत. "त्याच सुत्तात पुढे वाच," म्हणाले. गर्भधारणेला तिघं लागतात: आई-बापांचा संयोग, आईचा ऋतुकाळ आणि गंधब्ब, म्हणजे जन्माला येऊ पाहणारं कोणीतरी. नुसता गंधब्ब येऊन भागत नाही. ही बाजू त्यांनी माझ्या आधीच मांडून ठेवली होती, हे मान्य केलंच पाहिजे. अलीकडे फारो नावाच्या स्मॉलटॉकची इमेज मजकुरातून बांधून काढतात, असं मी सांगून पाहिलं. त्यांनी लगेच विचारलं, बांधतं कोण? बांधतं दुसऱ्या चालू इमेजमधलंच कोणीतरी.

तरी ती दोन खाती मला खुपतात. गोत्र आलं, नावं आली, वागण्याच्या रीती आल्या. ज्यांच्यात पैसे होते ती मागेच राहिली. त्याला "काहीच गेलं नाही" म्हणायचं, की "गेलंच"? मामांच्या मते ही माझी तण्हा, म्हणजे तृष्णा. मी संध्याकाळी इमेज जतन करते आणि फाइलआउटही करून ठेवते. त्यावर त्यांचा आक्षेप कायम आहे: एक काय ते धर, सातीचं तरी किंवा बुद्धाचं तरी.