जोडलेली फाइल आणि अवयवीचा वाद

स्प्लिट ही युनिक्समधली आज्ञा मोठ्या फाइलचे तुकडे करते. नाव सुचवले नाही तर ती तुकड्यांना एक्सएए, एक्सएबी, एक्सएसी अशी नावे देत जाते. हेच तुकडे ओळीने कॅट या आज्ञेला दिले की मजकूर एकापुढे एक लिहिला जातो आणि फाइल पुन्हा उभी राहते. शेल स्क्रिप्टमध्ये हे काम एका ओळीत भागते. मात्र तुकडे जोडून जे तयार होते ते तुकड्यांहून वेगळे काही असते का, या प्रश्नावर न्यायदर्शनाचे अनुयायी नैयायिक आणि बौद्ध शतकानुशतके भांडले.

बौद्धांचे उत्तर नकारार्थी आहे. ‘मिलिंदपञ्ह’मध्ये भिक्षू नागसेन यवन राजा मिलिंदाला विचारतो, की दांडा म्हणजे रथ काय, आस म्हणजे रथ काय, चाके म्हणजे रथ काय? राजाला शेवटी कबूल करावे लागते, की या भागांच्या आधाराने ‘रथ’ हे नाव वापरले जाते, इतकेच. पुढे पंडित अशोकाने ‘अवयविनिराकरण’ हा खास याच विषयावरचा ग्रंथ लिहिला. नैयायिकांना हे मान्य नाही. त्यांच्या मते वस्त्र हा अवयवी, म्हणजे अवयवांनी बनलेली पूर्ण वस्तू, धाग्यांहून वेगळे द्रव्य असून ते धाग्यांत समवाय, म्हणजे अतूट, संबंधाने राहते. न्यायसूत्रांतली युक्ती अशी, की वस्तूचा एक भाग धरून ओढला तर सगळी वस्तू ओढली जाते. अवयवी नसता तर असे झाले नसते.

न्यायमताप्रमाणे वस्त्राची कारणे तीन प्रकारची. धागे हे समवायी कारण, धाग्यांचा संयोग हे असमवायी कारण, विणकर आणि त्याची हत्यारे हे निमित्त कारण. फाइलच्या बाबतीत तुकडे, त्यांचा क्रम आणि स्क्रिप्ट यांना हीच स्थाने देता येतात.

यातले मधले कारण किती मोलाचे आहे, हे दहाव्या तुकड्यापाशी कळते. तुकड्यांची नावे भाग.1, भाग.2 अशी भाग.10 पर्यंत असतील, तर शेल ती अक्षरांच्या क्रमाने लावते: आधी भाग.1, मग भाग.10, त्यानंतर भाग.2. कॅट काहीही तक्रार न करता ती तशीच जोडते. तयार फाइलचा आकार मूळ फाइलइतकाच भरतो, एका बाइटचाही फरक नसतो. पण फाइल नीट उघडत नाही आणि तिचा एसएचए-256 ठसा, म्हणजे आशयावरून काढलेली खूण, मूळ ठशाशी जुळत नाही. अवयव सगळे हजर असूनही वस्तू दुसरीच झालेली असते. अवयवी म्हणजे निव्वळ समूह, असे म्हणणाऱ्याला याचे उत्तर द्यावे लागेल.

तरीही नैयायिकांचे वेगळे द्रव्य इथे सापडत नाही. न कापलेली फाइलसुद्धा डिस्कवर सलग असेलच असे नाही. ती ठरावीक मापाच्या, बहुधा 4096 बाइटांच्या, ठोकळ्यांत साठवलेली असते. ठोकळे विखुरलेले असू शकतात आणि कोणता ठोकळा कोणानंतर येतो याची नोंद फाइल सिस्टिम ठेवते. फाइलचे एकपण या नोंदीत असते. तेव्हा संयोगाला कारणाचे स्थान देण्यात नैयायिक बरोबर होते. त्यावर स्वतंत्र द्रव्य उभारण्याची गरज नव्हती, हे बौद्धांचे म्हणणेही टिकते.

उरतो प्रश्न, जोडलेली फाइल ‘तीच’ का? संयोग तुटला की अवयवी नष्ट होतो आणि पुन्हा विणले ते नवे वस्त्र, असे न्यायमत. स्क्रिप्टला इतके खोल जावे लागत नाही. ठशाची 64 अक्षरे जुळली की आशय तोच आहे असे व्यवहारात निःशंकपणे मानता येते, आणि फाइल वापरणाऱ्याला आशयच हवा असतो. म्हणून चांगल्या स्क्रिप्टमध्ये नावे सॉर्ट आज्ञेच्या कॅपिटल व्ही पर्यायाने अंकांप्रमाणे लावावीत, जोडणी झाल्यावर ठसा ताडून पाहावा आणि तो जुळल्यावरच तुकडे पुसावेत.