मांडणीतला शॉट

चि. भाचीस,

गॅदरिंगला पूलचा ट्रिक शॉट करून दाखवायचा आहे आणि तोही मसेच, असं तू लिहिलंस. क्यू जवळजवळ उभा धरायचा, वरून फटका मारायचा आणि पांढरा बॉल मधल्या बॉलला वळसा घालून न्यायचा! हौस चांगली आहे, पण मसे आत्ता नको. फटका चुकला तर क्यूचं टोक सरळ कापडात घुसतं आणि पार्लरवाल्याला नवं कापड चढवावं लागतं. शिवाय तो अवघडही फार. 'द हस्लर' या १९६१ च्या चित्रपटात पॉल न्यूमनने बहुतेक शॉट स्वतः मारले, मसेसाठी मात्र विली मॉस्कोनी या जगज्जेत्यालाच क्यू हाती घ्यावा लागला.

वाऱ्यांची दिशा वळवणारं कोरिओलिस बल तू भूगोलात शिकलीस ना? त्याच कोरिओलिसने १८३५ मध्ये पॅरिसला बिलियर्ड्सच्या गणितावर अख्खं पुस्तक लिहिलं. मसेचा नियमही त्यातच आहे: क्यूची रेघ बॉलमधून तशीच खाली वाढवली तर ती कापडाला जिथे लागेल तो एक बिंदू. बॉल कापडावर टेकलेला असतो तो दुसरा. दुसऱ्यापासून पहिल्याकडे रेघ काढ. वळून झाल्यावर बॉल तिला समांतर धावतो. म्हणजे फटक्याआधीच उत्तर हाती असतं. ट्रिक शॉटमधलं मला सगळ्यात प्रिय आहे ते हेच. खरं कसब बॉल मांडण्यात असतं, आणि ते शिकायला तुला क्यूसुद्धा लागणार नाही.

तेव्हा हा शॉट मांड. रॅक लावतात त्या ठिपक्यावर एक बॉल ठेव. नऊ फुटी टेबलावर खेळायची जागा १०० इंच लांब आणि ५० इंच रुंद. ठिपका शेवटच्या कुशनपासून २५ इंचांवर आणि दोन्ही बाजूंपासूनही २५ इंचांवर. म्हणून तिथून त्या टोकाच्या दोन्ही कोपऱ्यांकडे रेघा काढल्या तर त्यांच्यात बरोबर काटकोन होतो. लहान टेबलावरही लांबी रुंदीच्या दुप्पटच असते, त्यामुळे हिशोब तोच. आता दुसरा बॉल पहिल्याला चिकटवून डाव्या कोपऱ्याच्या बाजूला ठेव. खाली वाक, डोळा बॉलच्या उंचीला आण आणि दोघांच्या मध्यांतून जाणारी रेघ डाव्या पॉकेटात जाते का पाहा. मधे केसाएवढीही फट नको. बॉल घरंगळत असेल तर पार्लरवाल्याला विचारून वरून दुसऱ्या बॉलने हलकेच ठोक, म्हणजे तो कापडात बसतो. पांढरा बॉल टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, ठिपक्याच्या अगदी समोर ठेव आणि पहिल्या बॉलवर सरळ, मध्यम जोराने मार. साइड, म्हणजे बाजूची फिरकी, अजिबात देऊ नकोस.

चिकटलेल्या बॉलला धक्का मिळतो तो दोघांच्या मध्यांच्या रेघेवर, म्हणून तो डावीकडे जातो. पहिल्याजवळ उरतो तो त्या रेघेशी काटकोनातला वेग, आणि काटकोनात तर उजवं पॉकेट आहे! एका फटक्यात दोन बॉल. पहिल्यांदा जमेल तेव्हा तू ओरडशील.

बहुधा लगेच जमणार नाही, आणि त्याचं कारण तुझा हात नसेल. पहिला बॉल उजवीकडे निसटताना दुसऱ्याला घासतो आणि त्यालाही थोडा उजवीकडे ओढतो. हे ओढणं फुटामागे एक इंचापर्यंत जाऊ शकतं, आणि पॉकेट तिथून तीन फुटांवर आहे. त्यामुळे बॉल पॉकेटच्या उजव्या जबड्यावर आदळून परत येतो. यावर उपाय मांडणीतच: चिकटलेला बॉल किंचित डावीकडे, लांब कुशनकडे फिरवून ठेव. किती फिरवायचा ते त्या दिवसाच्या बॉलवर ठरतं. मळके बॉल जास्त ओढतात, पुसलेले कमी. हळू फटक्यात ओढ जास्त, जोराच्या फटक्यात कमी. म्हणून सरावाला आणि कार्यक्रमाला बॉल सारखेच पुसून घे आणि जोरही तोच ठेव. पावसाळ्यात दमट हवेने कापड जड होतं, बॉल लवकर थांबतात. तुझं गॅदरिंग हिवाळ्यात आहे, तेव्हा ती काळजी नाही.

डावा बॉल जबड्यावर नेमका कुठे लागतो आणि उजवा पडतो की नाही, ते लिहून कळव. त्यावरून किती फिरवायचा ते सांगतो.

तुझा,
मामा