पुली लहान करण्यापूर्वी

गेले काही महिने एक इच्छा माझ्या मनात ठाण मांडून बसली आहे. माझ्या जुन्या पॉन्टिॲक ग्रँड प्री जीटीपीच्या सुपरचार्जरवरची ३.८ इंचांची पुली काढावी आणि तिथे लहान पुली बसवावी. खर्च मोठा नाही, काम अवघड नाही, आणि इथे मिशिगनमध्ये मला अडवणारं कुणी नाही. नेमकं म्हणूनच, पाना हातात घेण्याआधी मला स्वतःला काही प्रश्न विचारायचे आहेत.

पहिला प्रश्न असा: ताकद हवी आहे, पण ती कुठे? ही गाडी घर, ऑफिस, किराणा आणि मुलीची शाळा एवढ्यातच फिरते. सिग्नल हिरवा झाला की पुढे निघायचं, रॅम्पवरून फ्रीवेच्या वेगात मिसळायचं, एवढंच तिचं रोजचं काम. त्यात काटा १,५०० ते ३,५०० आरपीएमच्या मध्ये फिरतो. ५,००० च्या वर तो जाण्याचा प्रसंग क्वचितच येतो. मग मला हवी ती खालच्या फेऱ्यांतली ओढ, असं मी सगळ्यांना सांगतो. ते खरं असेल, तर पुढचा प्रश्न आपोआप येतो: ती ओढ या गाडीत आधीच नाही का?

आहे. जीएमच्या या ३.८ लिटर व्ही-६ इंजिनावर ईटनचा एम-९० सुपरचार्जर, म्हणजे ब्लोअर, बसवलेला आहे. तो रूट्स जातीचा. इंडियानातल्या कॉनर्सव्हिल गावच्या रूट्स बंधूंनी १८६० मध्ये ज्या यंत्राचं पेटंट घेतलं, त्याच वंशातला. त्याच्या प्रत्येक फेरीत ठरावीक हवा पुढे ढकलली जाते, एम-९० मध्ये सुमारे दीड लिटर. क्रँकच्या एका फेरीला ब्लोअरच्या दोन फेऱ्या धरल्या, तर २,००० आरपीएमला ब्लोअर मिनिटाला जवळपास ५,९०० लिटर हवा पुढे लोटू पाहतो आणि इंजिनाची भूक असते ३,८०० लिटरची. दाब तयार होतो तो या फरकातून, आणि तो ॲक्सिलरेटर दाबल्याबरोबर होतो. सेंट्रिफ्यूगल सुपरचार्जरचं तसं नसतं. त्याचा दाब फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून त्याची खरी ताकद वरच्या फेऱ्यांत दिसते. म्हणजे ज्यांनी ही गाडी घडवली, त्यांनी रस्त्यावरच्या माणसाचाच विचार केला होता. २४० अश्वशक्ती आणि २८० फूट-पाउंड टॉर्क, आणि त्यातला टॉर्क बराच खालून हाताशी येणारा. मी जे मागतो आहे त्याचा मोठा भाग मला कधीच मिळालेला आहे. तरी मन भरत नाही, ही गोष्ट मला आधी नोंदवून ठेवली पाहिजे.

इच्छेच्या बाजूनेही न्याय करायला हवा. रूट्स ब्लोअरमध्ये रोटर आणि कवच यांच्यामधल्या बारीक फटींतून काही हवा मागे गळते. सावकाश फिरताना या गळतीचा वाटा मोठा असतो. लहान पुलीने ब्लोअर जोरात फिरला की हा वाटा घटतो, आणि खालच्या फेऱ्यांत फायदा जाणवतो. तो खोटा नाही.

पण पुलीला वरचं आणि खालचं कळत नाही. ३.८ च्या जागी ३.४ इंचांची पुली लावली, तर ब्लोअरचा वेग सगळीकडे सारखाच, म्हणजे जवळपास १२ टक्के वाढतो. २,००० आरपीएमला ब्लोअर ४,००० ऐवजी ४,४७० फेऱ्या मारील. ५,२०० आरपीएमला, जिथे हे इंजिन सर्वाधिक अश्वशक्ती देतं, तिथे १०,४०० ऐवजी ११,६०० च्या वर जाईल. खाली मला शे-दोनशे नव्हे, पावणेपाचशे जादा फेऱ्या मिळतात हे खरं, पण त्यासाठी वर बाराशेहून अधिक फेऱ्यांचा भार मी इंजिनावर टाकतो. खालची ओढ विकत घेताना वरची उष्णता सोबत घ्यावीच लागते.

आणि ही उष्णता लहान नाही. बाहेर २५ अंश सेल्सिअस असताना हवा ७ पीएसआय दाबाला नेली आणि ब्लोअरची कार्यक्षमता ६० टक्के धरली, तर ती सुमारे ६० अंशांनी तापते. दाब १० पीएसआय केला, तर ८० अंशांनी. ही हवा थंड करणारा इंटरकूलर या इंजिनाला कारखान्यातून मिळालेला नाही. तापलेली हवा तशीच सिलिंडरमध्ये जाते आणि नॉकिंग, म्हणजे पेट्रोलचं अवेळी भडकणं, सुरू होतं. नॉक सेन्सर ते ऐकतो, कॉम्प्युटर ठिणगी उशिरा टाकतो, आणि जी ताकद मिळवायला पुली लहान केली तीच हातातून जाते. ऑगस्टमधल्या दुपारी, एसी चालू असताना, लागोपाठच्या सिग्नलवर ३.४ ची गाडी ३.८ च्या गाडीपेक्षा मंद निघू शकते. हे इंजिन जाणणारे लोक म्हणूनच पुलीआधी थंड प्लग, मोकळा एक्झॉस्ट, उत्तम पेट्रोल आणि नॉकिंगची नोंद यांविषयी विचारतात. पुलीचा आकडा ते शेवटी विचारतात.

एवढं कळूनही माझ्या मनात ३.४ च का घोळत होती? इथे मला थांबावं लागतं. ऑगस्टमध्ये वूडवर्ड ॲव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ भरते, १९९५ पासून. हजारो गाड्या सावकाश पुढे सरकतात, लोक खुर्च्या टाकून बसतात, आणि बॉनेट उघडलं की पहिला प्रश्न येतो, पुली कितीची? मला त्या प्रश्नाचं भारदस्त उत्तर हवं होतं. डायनोवर, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, दिसणारी कमाल अश्वशक्ती हवी होती, जी मी रोजच्या रस्त्यावर कधी वापरणार नाही. खालच्या फेऱ्यांची ओढ हे माझं सांगण्याचं कारण होतं. मिरवणं हे त्यामागचं. दोन्ही कारणं एकाच इच्छेत राहत होती, आणि मी दुसऱ्याला पहिल्याचे कपडे घालत होतो.

आता सगळ्यात कठीण प्रश्न. मिशिगनमध्ये खासगी गाडीची नियमित धूरतपासणी नाही. कॅलिफोर्नियात इंजिनाचा असा सुटा भाग विकायला तिथल्या एअर रिसोर्सेस बोर्डाचा आदेश-क्रमांक लागतो, इथे तसं कुणी विचारत नाही. पण अमेरिकेचा केंद्रीय स्वच्छ हवा कायदा इथेही लागू आहे, आणि १९९० च्या दुरुस्तीनंतर धूरनियंत्रणात ढवळाढवळ करण्याची मनाई मालकालाही आहे. तपासणीस नाही म्हणून नियम नाही, असं मी मुलीला सांगू शकेन का?

मनाला यातूनही पळवाट सापडली. गाडी जागेवर उभी करून धूर मोजून घ्यावा, नेहमीसारखाच निघाला तर झालं! तो नेहमीसारखाच निघणार, हे मला माहीत आहे. ॲक्सिलरेटर हलका असताना बायपास व्हॉल्व्ह उघडा असतो, हवा ब्लोअरभोवती फिरत राहते, दाब तयारच होत नाही. पुलीचा परिणाम दिसतो तो पाय पूर्ण दाबल्यावर, जेव्हा कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो आणि कार्बन मोनॉक्साइड चढतो. ज्या परीक्षेत पुली नापास होऊच शकत नाही, ती परीक्षा घेणं म्हणजे स्वतःची फसवणूक. खरी मोजणी डायनोवर, पूर्ण भाराखालीच व्हायला हवी.

मुलगी या वर्षी गाडी शिकते आहे आणि ती याच गाडीवर शिकते आहे. ओल्या रस्त्यावर पुढची चाकं एकदम फिरू लागली, तर स्टिअरिंगवर तिचे हात असतील. जादा टॉर्क झेलणारा ४टी६५ई-एचडी गिअरबॉक्स पुढे ज्याला गाडी विकीन त्याच्याकडे जाईल, आणि मी काय बसवलं होतं ते त्याला ठाऊक नसेल. शेजाऱ्यांच्या खिडकीखालून ही गाडी सकाळी जादा आवाज करत निघेल. मला होणाऱ्या आनंदाची किंमत यांच्यापैकी कुणी मोजायची का, हा प्रश्न विचारल्याशिवाय पुलीचा आकडा ठरवता येत नाही.

तर मी असं ठरवतो. ३.४ हा विचार सोडला. लागलीच तर ३.५ इंचांची पुली लावीन. तिने ब्लोअरचा वेग साडेआठ टक्के वाढतो आणि खालच्या फेऱ्यांतला फायदा बऱ्यापैकी मिळतो. तीही चार अटींवर. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला हात लागणार नाही. भाराखालचा धूर आधी आणि नंतर मोजला जाईल. उन्हाळ्याच्या कडक दुपारी नॉकिंगची नोंद शून्याच्या जवळ राहील. आणि बदलाची लेखी माहिती जुन्या पुलीसह गाडीबरोबर राहील, म्हणजे पुढच्या मालकाला ती मिळेल. मुलगी रस्त्याला सरावेपर्यंत गाडी ३.८ वरच चालेल.

यातली एकही अट मोडली, तर ३.८ ची पुली परत जाईल. आणि अटी पुऱ्या होण्याची वाट बघणंच मला असह्य झालं, तर मला खालच्या फेऱ्यांतली ओढ हवी नव्हती, वूडवर्डवर सांगायला एक आकडा हवा होता, हे मी कुणी विचारण्याआधी स्वतःशी कबूल करीन आणि पुलीची ऑर्डर देणार नाही.