पडलेला तट

हातखंब्याचा तिठा. एक रस्ता रत्नागिरीला, रत्नदुर्गाकडे. दुसरा मुंबईच्या दिशेने महाडला, रायगडाच्या वाटेवर. बोलतायत ते आयुष्यभर गवंडीकाम केलेले काका आणि पुरातत्त्व शिकणारी त्यांची पुतणी.

काका : रायगडावरची जोती बघितली की हात शिवशिवतात गो. दगड शाबूत आहे. वरचं लाकूड १८१८च्या मे महिन्यात इंग्रजांच्या तोफांनी जाळलं. पुन्हा उभं केलं तर बिघडलं काय?

पुतणी : कशावरून उभं करणार? खांब किती उंच, छपराला उतार कसा?

काका : जोत्याची रुंदी बघून गवंड्याला भिंत कळते.

पुतणी : भिंत कळेल, राजवाडा नाही. जुन्या वास्तूंच्या जतनाची १९६४ची व्हेनिस सनद हेच सांगते : अंदाज सुरू झाला की हात थांबवा.

काका : आणि तुझं ते वॉर्सा? महायुद्धात जमीनदोस्त झालेलं जुनं शहर लोकांनी परत बांधलं. युनेस्कोनं १९८० साली त्यालाच वारसा म्हटलं ना?

पुतणी : त्यांच्याकडे जुनी चित्रं होती, मोजमापं होती. आपण दोनशे वर्षांनी आपली कल्पना बांधणार आणि पोरांना सांगणार, हा महाराजांचा वाडा. मला ते सहन होत नाही.

काका : मला दर पावसाळ्यात सुटणारा दगड सहन होत नाही. किल्ला कधी एकदाच बांधून संपतो? रत्नदुर्ग बहामनी काळातला, १६७० मध्ये महाराजांकडे आला, १८६७ मध्ये तिथे दीपगृह झालं. ज्याच्या ताब्यात गेला त्यानं हात लावला. तिथलं भगवतीचं देऊळ अजून नांदतंय, कारण माणसं त्याची डागडुजी करत राहिली. रायगडावर जगदीश्वराच्या देवळाच्या पायरीवर नाव आहे ते हिरोजी इंदुलकरांचं. बांधणाऱ्याचं.

पुतणी : डागडुजी कराच. पण चुन्यात. सिमेंटमागे पाणी अडतं, मग दगडच झिजतो. पडलेल्या दगडाची जागा कळली तर तिथेच बसवा.

काका : नि नाही कळली तर?

पुतणी : नोंद करून बाजूला रचायचा. उद्या कुणाला तरी कळेल. वर नवी भिंत चढवली, तर कुणी शोधायलाच जाणार नाही.

काका : तोवर नातवाला दाखवू काय?

पुतणी : जळलेलं जोतं. आपण हरलो, तेही त्याला कळू दे.

काका : दाखवीन. पण एक दालन तरी बांधू दे, नवं आहे असं वर स्पष्ट लिहून.

पुतणी : खाली पायथ्याच्या पाचाडात बांधा. गडावर नको.

काका : पाचाडातलं दालन बघून त्याला गड कसा कळायचा?