खत कोणाच्या वाट्याचे?



लूककृत शुभवर्तमानातील (13:6-9) माळी फळ न देणाऱ्या अंजिरासाठी एक वर्षाची मुदत मागतो. झाड तोडण्याआधी त्याला भोवतीची माती खणून खत घालायचे आहे. दोष झाडाचा की मातीचा, हे तो आधी पाहतो.

युरियात 46 टक्के नत्र असते. पीक लवकर हिरवे होते, पण मातीला सेंद्रिय अंश मिळत नाही. म्हणून धान पिकवणाऱ्या गरिबाला युरियावरून उपदेश करणे मला पटत नाही. प्रश्न आपल्या परसबागांचा आहे. जंगलातला पालापाचोळा पोत्यांनी आणला की आपली वांगी वाढतात. साग, ऐन, मोह यांच्या मुळांचे अन्न मात्र कमी होते. जंगल तक्रार करत नाही, म्हणून ते घेणे न्याय्य ठरते का? धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) ग्रामसभेला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. जंगलातून काय आणि किती घ्यायचे, हे तेथे सर्वजण बसून ठरवतात. आपण कोणाला विचारतो?

आणि आपल्याच अंगणातला पाला आपण पेटवून देतो! पुसदच्या ना. दे. पांढरीपांडे यांनी याच काडीकचऱ्यासाठी ‘नाडेप’ टाके सुचवले : 10 फूट लांब, 6 रुंद, 3 उंच, विटांच्या भिंतीत हवेसाठी भोके. शेण थोडेच लागते. थर भरून वरून शेणमातीने लिंपावे, ओल टिकवावी. खत तयार व्हायला तीन-चार महिने लागतात.