गुरूचे श्रवण

श्रवण, मनन आणि निदिध्यासन ही ज्ञानसाधनेची वाट आपल्याकडे उपनिषत्काळापासून रुळलेली असल्यामुळे, वर्गातील श्रवणाचा विषय निघाला की आपली दृष्टी सहजच विद्यार्थ्याकडे वळते. त्याचे चित्त थाऱ्यावर नाही, तो सांगितलेले ऐकत नाही, ही फिर्याद प्रत्येक शाळेत कानी पडते. परंतु वर्गात कोणी, केव्हा आणि किती बोलावे याची सारी मुखत्यारी ज्याच्या हाती असते, तो शिक्षक स्वतः किती ऐकतो, हे क्वचितच कोणी विचारते.

शिक्षक ऐकतच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. तो ऐकतो, पण आपल्यापाशी आधीच असलेल्या उत्तराची पोच मिळावी, एवढ्यापुरतेच ऐकतो. ही सवय त्याला अध्यापक विद्यालयातच जडते. तेथे लिहावयाच्या पाठ-टाचणात अध्यापककृती आणि विद्यार्थिकृती असे दोन रकाने आखलेले असतात, आणि मुले काय बोलतील हे दुसऱ्या रकान्यात आदल्या रात्रीच लिहून झालेले असते! मग ज्याचे उत्तर त्या रकान्याशी जुळते त्याला शाबासकी मिळते, आणि ज्याचे जुळत नाही त्याची कैफियत न ऐकताच निकाल लागतो.

42 मधून 17 वजा करावयास सांगितले असता 35 हे उत्तर लिहिणारे मूल प्राथमिक वर्गांत हमखास आढळते. त्यावर लाल फुली मारून पुढे जाणे सोपे असते. पण ‘कसे केलेस, बाळ?’ असे विचारून जो शिक्षक थांबतो, त्याला कळते की मुलाने सातातून दोन आणि चारातून एक वजा केला आहे. म्हणजे लहान संख्या मोठीतून वजा करावी, हा एकअंकी वजाबाकी शिकताना मनात ठसलेला नियमच त्याने निष्ठेने पाळला आहे. तो नियम त्याच्या मनात जोवर अबाधित आहे, तोवर दशक सुटा करण्याची रीत दहा वेळा सांगितली तरी व्यर्थ होय. चुकीमागेही बहुधा काही तर्क असतो, आणि तो तर्क जाणून घेतल्यावाचून शिकविणे म्हणजे रोगलक्षण न विचारता औषध देणे आहे.

अशा श्रवणाला वेळ लागतो, पण वाटतो तितका नाही. अमेरिकेतील विज्ञानशिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांनी वर्गांतील संभाषणांची ध्वनिमुद्रणे तपासली, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी सरासरी सुमारे एकच सेकंद थांबतात असे त्यांना दिसून आले. तोच अवधी 3 सेकंदांपर्यंत वाढविला असता उत्तरे दीर्घ झाली, निरुत्तर राहणारी मुले कमी झाली, आणि ज्यांना मंद समजले जात होते तीही बोलू लागली. यातील मार्मिक गोष्ट ही की, प्रश्नानंतरच्या विरामाइतकाच उत्तरानंतरचा विरामही त्यांना महत्त्वाचा आढळला. कारण मूल थबकते ते पुष्कळदा पुढचे वाक्य जुळविण्यासाठी, आणि नेमक्या त्याच क्षणी आपण ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ म्हणून त्याचे बोलणे संपवून टाकतो.

न बोललेले ऐकणे याहून कठीण. 1945 साली ताराबाई मोडक यांनी बोर्डीस ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत, याचा अर्थ त्यांना शिक्षण नको असा या दोघींनी लावला नाही. त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. आणि गुरांमागे जाणाऱ्या मुलांसाठी पुढे कुरणशाळा निघाली. मुलांची गैरहजेरी हेही काही सांगणे आहे, असे मानण्याइतके तीक्ष्ण कान त्यांच्यापाशी होते.

खचाखच भरलेला वर्ग, अर्ध्या तासाची तासिका आणि डोक्यावर अभ्यासक्रमाचा बोजा असता प्रत्येकाचे ऐकावे कसे, ही शिक्षकाची तक्रार खरी आहे, आणि ती हसण्यावारी नेण्याचा अधिकार वर्गाबाहेरच्या कोणालाही नाही. म्हणून माझी तजवीज अगदी लहान आहे. विद्यार्थिकृतीचा तो रकाना पाठापूर्वी कोरा ठेवावा, आणि तास संपल्यावर मुलांनी खरोखर दिलेली दोन-तीन उत्तरे, शक्य तर चुकलेली, त्यांच्याच शब्दांत तेथे उतरवावीत. कोरा रकाना पाहून तपासणीस आलेले अधिकारी टाचण अपुरे ठरवतील, ही भीती निराधार नाही. तेव्हा तशी मुभा शिक्षण खात्यानेच द्यावी, आणि तपासणीच्या वेळी तोच रकाना आधी वाचावा.