घोडा, मूल आणि केसी सारथी



बुद्धवंदनेत आपण 'पुरिसदम्मसारथि' हा शब्द म्हणतो. माणसाला वळण लावणारा सारथी. शब्द घोड्यांच्या तबेल्यातला आहे, हे म्हणताना आपल्या लक्षात येत नाही. अंगुत्तर निकायात केसी नावाच्या अश्वशिक्षकाची गोष्ट आहे. घोडे कसे शिकवतोस, असे भगवंत त्याला विचारतात. तो सांगतो, काहींना मायेने, काहींना कठोरपणे, काहींना दोन्ही रीतींनी. आणि तरीही जो वळत नाही? त्याला मारून टाकतो, आमच्या आचार्यकुलाची अप्रतिष्ठा होऊ नये म्हणून. मग तो भगवंतांना तेच विचारतो. तेही म्हणतात, मीही मारतो. केसी दचकतो. तेव्हा खुलासा होतो: ज्याला सांगण्या-शिकवण्याजोगा मानणेच सोडून दिले, त्याच्यासाठी तेच मरण.

आता आपल्या घरांकडे पाहा. ऑटिझम असलेल्या मुलासमोर आपण त्याच्या आईला विचारतो, "बोलतो का आता काही?" मूल तिथेच असते. कार्यक्रमाला त्याला आणत नाहीत, लोक काय म्हणतील म्हणून. केसीच्या आचार्यकुलाची अप्रतिष्ठा ती हीच. खरे तर सुत्तातला घोडा शिकवण नाकारतो. या मुलाने काहीच नाकारलेले नसते. मराठीत आपण त्याला 'स्वमग्न' म्हणतो, पण त्याच्याशी बोलणे आपणच थांबवलेले असते. मग मग्न कोण?

ब्रिटनमध्ये १९६९ पासून 'रायडिंग फॉर द डिसेबल्ड असोसिएशन' ही संस्था काम करते. देशभर तिचे शेकडो गट आहेत आणि ते मुख्यतः स्वयंसेवकांवर चालतात. एकजण घोडा धरतो, गरजेप्रमाणे दोघे दोन्ही बाजूंनी चालतात. काही मुले घोड्यावर बसतात, काही नुसता खरारा करतात. घोड्याच्या चालीने स्वाराची कंबर साधारण आपण चालताना हलते तशीच हलते आणि ती संथ लय अनेक मुलांना शांत करते. घोडा डोळ्यांत डोळे घालून बघ असे म्हणत नाही, उत्तराची घाई करत नाही. मुलाचे अंग ताठले की त्याला ते कळते.

याने ऑटिझम 'बरा' होतो, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. तो बरा करण्याचा आजारच नव्हे. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या कोलोरॅडोचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. १२७ मुले, १० आठवडे. एक गट घोड्यावर बसला. दुसरा घोड्यांविषयी शिकला, पण खऱ्या घोड्याशिवाय. पहिल्या गटाची चिडचिड आणि अस्वस्थता जास्त कमी झाली, बोलणे वाढले. एवढेच, पण एखाद्या घरासाठी हे थोडे नाही.

आपल्यातले काही जण अजूनही दबक्या आवाजात 'मागच्या जन्मीचे कर्म' म्हणतात. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात हाच विचार स्पष्टपणे नाकारला आहे. दीक्षा घेऊनही तो आपण आईच्या माथी मारतो, याची लाज वाटायला हवी.

त्याच ग्रंथात बाबासाहेब करुणेच्या पुढे मैत्री ठेवतात. करुणा माणसांपुरती, मैत्री सर्व प्राणिमात्रांसाठी. मग प्रश्न घोड्याचाही आहे. त्याने ही सेवा मागितलेली नाही. मुलाच्या भल्यासाठी त्याला औषधाच्या बाटलीसारखे वापरले, तर ती मैत्री कसली? तुम्ही मुलाला घेऊन एखाद्या केंद्रात गेलात तर आधी घोड्याकडे पाहा. तोही बोलत नाही. कान मागे पाडतो, शेपूट झटकतो. चांगला प्रशिक्षक ते पाहून त्याला विश्रांती देतो आणि आज घोडा दमला आहे, हे मुलालाच सांगतो. मुलाच्या आईला नव्हे, मुलाला. ते उत्तर देत नसले तरी.